नियमित आरोग्यतपासणी : आपापले अनुभव

काहीही दुखत-खुपत नसताना आपण डॉक्टरांकडे गेलात आणि त्या भेटीमुळे आपल्या किंवा घरातल्या कोणाच्या प्रकृतीकडे वेळीच लक्ष गेले, असे घडले असेल तर ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. तपासणी टाळल्याची हळहळ असेल तर तीही लिहावी. औषधांची नावे मात्र देऊ नयेत, कारण एकाचे औषध दुसऱ्याला मानवेलच असे नाही. सुरुवात मी करतो.

सातारा, वय 56
चाळिशीनंतर दरवर्षी दिवाळी आटोपली की मी आमच्या डॉक्टरांकडे जातो. ते माझे अहवाल फाईलला लावतात आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने आखलेल्या तक्त्यात त्या वर्षीचे आकडे भरतात. तीन वर्षांपूर्वी तपासणीचे कागद घेऊन निघण्याआधीच मी घरी ‘सगळे नॉर्मल आहे’ असे सांगून टाकले होते, कारण क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) 1.2 होते आणि कागदावर कमाल मर्यादा 1.3 छापलेली होती. डॉक्टरांनी पेन्सिलीचे टोक तक्त्यावरून खाली नेले : 0.8, 0.9, 1.0, 1.2. मग त्यांनी विचारले, “गुडघ्यासाठी गोळ्या घेता का हो?” दीड वर्ष मी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून जवळजवळ रोज घेत होतो आणि हे त्यांच्या कानावर घालावे असे मला कधी वाटलेच नव्हते. रक्तदाबही 150/96 भरला. गोळ्या बंद झाल्या, रक्तदाबावर उपचार सुरू झाले आणि पुढच्या दिवाळीनंतर त्या रकान्यात 1.0 लिहिले गेले. क्रिएटिनिनचा एकही आकडा मर्यादेबाहेर नव्हता. चार वर्षांचे आकडे एकाखाली एक पाहणारा माणूस होता, म्हणून ते लक्षात आले.

पुणे, वय 34
वरील अनुभवाशी मी पूर्ण सहमत आहे. मी घरबसल्या साठ-सत्तर चाचण्यांचे पॅकेज करून घेतले आणि अहवालातल्या दोन लाल आकड्यांच्या धास्तीने आठवडाभर झोपलो नाही. डॉक्टरांनी त्या दोन्हींना फारसे महत्त्व दिले नाही. उलट माझ्या आईला आणि मामांना मधुमेह असल्याचे कळल्यावर त्यांनी 6.1 आलेल्या एचबीए1सीवर (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीवर) बोट ठेवले. मधुमेहाचे निदान 6.5 पासून होते आणि 5.7 ते 6.4 ही त्याच्या अलीकडची पायरी आहे, हे मला तेव्हा समजले.

कराडजवळचे एक गाव, वय 41
आमच्या आईने चाळीस वर्षे मिश्री लावली. आशाताई घरी येऊन तिशीवरच्या सगळ्यांचे अर्ज भरत होत्या, तेव्हा आई म्हणाली, “मला काय झालंय? माझा फॉर्म नको.” आशाताईंनी चिकाटी सोडली नाही; त्या तिला उपकेंद्रावर घेऊन गेल्या. तिथे रक्तदाब आणि साखर पाहून झाल्यावर मॅडमनी बॅटरीच्या उजेडात तोंड तपासले. गालाच्या आतल्या बाजूला नखाएवढा पांढरा चट्टा होता. तो दुखत नव्हता, त्यामुळे आईला त्याचा पत्ताच नव्हता. पुढे मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण दुर्लक्ष केल्यास तिकडे वळू शकेल असा बदल होता. आईने मिश्रीची डबी स्वतः उकिरड्यावर टाकली. दर सहा महिन्यांनी आम्ही दाखवायला जातो. त्या आशाताईंचे उपकार आम्ही विसरणार नाही.

नाशिक, वय 47
माझी हळहळ आहे. वडील ताटाच्या कडेला ठेवलेला पाण्याचा तांब्या वारंवार लवंडत असत आणि आम्ही ते वयामुळे होते असे समजत राहिलो. काचबिंदूने त्यांची दोन्ही बाजूंची नजर हळूहळू गेली होती. ती परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून औषध चालू आहे. हा आजार घराण्यात असू शकतो म्हणून डॉक्टरांनी आम्हा भावंडांनाही बोलावले. धाकट्या भावाच्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला, तेव्हा त्याला काहीही जाणवत नव्हते. तो रोज रात्री साडेनऊला थेंब घालतो आणि मी फोन करून विचारते.