दातांच्या उपचारासाठी लहान मुलांना दवाखान्यात गुंगी द्यावी का?

धागाकर्ती

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. रात्री दुधाची बाटली तोंडात धरूनच तो झोपत असे. ती चूक माझी आहे आणि मी ती मान्य करते. आता त्याचे वरचे चार पुढचे दात आणि खालच्या दोन दाढा किडल्या आहेत. गेल्या आठवड्यात खुर्चीवर बसवताच त्याने माझ्या ओढणीचे टोक मुठीत घट्ट आवळले आणि आरसा जवळ येताच ओठ मिटून घेतले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, की पुढच्या वेळी त्याला उपाशीपोटी आणा, गोड औषध पाजू आणि गुंगीत सगळे एकाच बैठकीत उरकू. भूलतज्ज्ञ येणार का, असे विचारल्यावर "एवढ्याशा औषधाला त्यांची गरज नसते" असे उत्तर मिळाले.

इंग्लंडमध्ये २००१ च्या अखेरीपासून दातांसाठीची पूर्ण भूल केवळ रुग्णालयातच देता येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या मेंदूबाबत भुलीच्या आणि गुंगीच्या औषधांविषयी इशारा दिला आहे. हे सारे वाचून, सहा वर्षांखालील मुलांना दातांसाठी गुंगी देऊच नये, असे माझे मत झाले आहे. ज्यांना ते चुकीचे वाटते त्यांनी कारणांसह लिहावे.

प्रतिसाद १ : एक वडील

ताई, मी असहमत आहे. आमच्या मुलीला चौथ्या वर्षी गुंगी न देता दाढ काढण्यासाठी नेले होते. एकाने पाय धरले, एकाने डोके, आणि हात मी धरले. दाढ पाच मिनिटांत निघाली. मात्र ती आज नऊ वर्षांची आहे आणि तिला साधे केस कापायला नेले तरी ती खुर्चीवर बसत नाही. गुंगी नको म्हणताना गुंगीऐवजी प्रत्यक्षात काय होते, हेही सांगायला हवे.

प्रतिसाद २ : एक आजोबा

दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत. कशाला त्या बाळाला एवढा त्रास द्यायचा?

प्रतिसाद ३ : बालदंतवैद्य

आजोबा, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, की या समजुतीमुळेच मुले गाल सुजलेल्या अवस्थेत आमच्याकडे येतात. पुढचे दात मूल सहा ते आठ वर्षांचे होईपर्यंत पडतात, पण मागची दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकावी लागते. साडेतीन वर्षांच्या मुलाने किडलेल्या दाढेवर सात-आठ वर्षे कशी काढायची?

ताईंच्या "देऊच नये" या मताला मात्र माझा विरोध आहे. कीड वरवरची असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध लावून ती थांबवता येते. सुई नाही, ड्रिल नाही, फक्त किडलेला भाग काळा पडतो. दाढेतली कीड आतल्या मज्जातंतूपर्यंत पोहोचली नसेल, तर स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांच्या पद्धतीने दाढ न कोरता तिच्यावर स्टीलची कॅप बसवता येते. पण पू झाला असेल, तर यातले काहीही पुरत नाही. भीती कमी करणारा नायट्रस ऑक्साइडचा वायू सुरक्षित आहे, परंतु तो नाकाने शांतपणे घ्यावा लागतो, आणि तोंड उघडून रडणाऱ्या मुलाला तो मिळतच नाही. अशा मुलासाठी गुंगी किंवा भूल हाच माणुसकीचा मार्ग उरतो.

प्रतिसाद ४ : भूलतज्ज्ञ

धागाकर्तीची भीती योग्य आहे, पण तिने बोट चुकीच्या जागी ठेवले आहे. २०१६ चा इशारा तीन तासांहून लांबलेल्या किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल आहे. एकदाच दिलेल्या थोड्या वेळाच्या भुलीबद्दल नाही. मुख्य धोका श्वासाचा आहे.

दातांच्या कामात श्वासाची वाट आणि ड्रिलच्या पाण्याची वाट एकच असते. लहान मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, श्वासनलिका अरुंद आणि प्राणवायूची गरज जास्त, म्हणून श्वास अडला की मोठ्या माणसापेक्षा फार लवकर त्याचे ओठ निळे पडतात. पाण्याचा एक थेंब स्वरयंत्रावर पडला तरी ते आकसून बंद होऊ शकते. शिवाय गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यामध्ये भिंत नसते, उतार असतो. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाच्या त्याच प्रमाणाने एक मूल हसत बसते, दुसरे चिडून रडते आणि तिसरे हाक मारली तरी उठत नाही. यांपैकी आपले मूल कोणते, हे आधी कळत नाही. त्यातच बधिरतेची इंजेक्शने वजनाच्या हिशोबापेक्षा जास्त झाली, तर तीही घातक ठरतात.

म्हणून "एवढ्याशा औषधाला गरज नसते" हे वाक्य वाचून मला चीड आली. ज्याचे दोन्ही हात दातात गुंतले आहेत, तो छातीची हालचाल पाहू शकत नाही. अमेरिकेतील बालरोग आणि बालदंत संघटनांच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खोल गुंगी किंवा भूल देताना दंतवैद्याखेरीज भूल देणारी स्वतंत्र व्यक्ती असलीच पाहिजे. रक्तातला प्राणवायू मोजण्यासाठी पायाच्या अंगठ्याला लावलेला लाल दिवा पुरेसा नाही. मुलाला प्राणवायू दिलेला असेल, तर तो आकडा श्वास थांबल्यावरही काही वेळ चांगलाच दिसतो. बाहेर पडणारा श्वास मोजणारे कॅप्नोग्राफ यंत्र ते आधी सांगते. आणि "उपाशीपोटी" म्हणजे नेमके किती, हेही विचारा : वरच्या दुधानंतर सहा तास, आईच्या दुधानंतर चार तास, साध्या पाण्यानंतर दोन तास.

प्रतिसाद ५ : एक मावशी

डॉक्टरांचे पटते, तरी "एकाच बैठकीत" ही सोय नेमकी कोणाची, असा प्रश्न पडतो. माझ्या भाचीला ते कीड काळी पाडणारे औषध लावले. लग्नात नातेवाइकांनी तिच्या दातांबद्दल विचारून आईला रडवले, पण पोर त्याच दातांनी भाकरी चावून खाते. प्रत्येक पालकाला हा पर्याय आधी सांगितला जातो का?

धागाकर्ती

मावशी, मला तो सांगितला गेला नव्हता. माझे मत अर्धे बदलले आहे : रुग्णालयात, स्वतंत्र भूलतज्ज्ञ समोर असताना द्यायची भूल मी आता नाकारणार नाही. त्या दवाखान्यातल्या गोड औषधाला मात्र नकार कळवला आहे. आधी दुसऱ्या बालदंतवैद्यांकडून क्ष-किरण काढून दाढांत पू आहे का, ते पाहू. रात्रीची बाटली बंद केली. पहिल्या दोन रात्री तो तासभर रडला, काल वाटीने पाणी पिऊन झोपला.