पाप आणि गुन्हा यांतील अंतर

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंड संहितेतील तेव्हाच्या ३७७ कलमाबद्दल ‘त्याच्या बाजूने सर्व धर्मांचे पुढारी एकजुटीने उभे राहिले’ असे एक विधान केले जाते; ते मला अर्धेच खरे वाटते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, प्रौढांमधील संमतीचे असे संबंध गुन्हा नाहीत हा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवला. तो फिरवावा म्हणून दाद मागणाऱ्यांत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि काही ख्रिस्ती संघटना होत्या, हे मान्य. परंतु त्यानंतर मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी, समलिंगी विवाहाला असलेला चर्चचा विरोध तसाच ठेवून, अशा व्यक्तींना आम्ही गुन्हेगार मानत नाही असे सांगितले, आणि श्री श्री रविशंकर यांनीही हिंदू परंपरेने समलैंगिकतेला कधी गुन्हा ठरवले नसल्याचे म्हटले. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पाप आणि गुन्हा यांत फरक करा, असेच बजावले. याउलट त्याच वर्षी युगांडातील अँग्लिकन आर्चबिशपांनी तिथल्या समलैंगिकतेविरोधी कठोर कायद्याचे स्वागत केले.

आमच्या वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या ज्येष्ठ मंडळींपुढे हा विषय निघाला की ‘आपल्या धर्मात हे बसत नाही’ एवढ्यावर चर्चा संपते (आणि चहा येतो). १८६० साली इंग्रजांनी लिहिलेले कलम आपल्या धर्माच्या नावावर कसे चढले, हे मात्र कोणी विचारत नाही.