‘होमसिकनेस’साठी कोणता शब्द योग्य?

प्रश्न : स्त्रियांमधील होमसिकनेस (घरापासून दूर असताना होणारी घराची तळमळ) आणि त्यांचे स्वभावविशेष यांच्या संबंधावरील एका लेखाचा अनुवाद करीत आहे. या संज्ञेसाठी ‘हळवेपणा’ किंवा ‘माहेरची ओढ’ चालेल का?

उत्तर १ : दोन्ही टाळावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ‘हळवेपणा’ हा स्वतःच एक स्वभावविशेष आहे. ज्या दोन गोष्टींचा संबंध तपासायचा, त्यांतील एकीला दुसरीचेच नाव दिले तर निष्कर्ष शब्दातच गृहीत धरला जातो. ‘माहेरची ओढ’ केवळ विवाहितेला लागू पडते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर गेलेली अविवाहिता त्यातून सुटते.

बोलीत आपण ‘तिला करमत नाही’ असे म्हणतो, आणि ही रचना मला फार नेमकी वाटते, कारण ‘ती हळवी आहे’ या वाक्यात दोष स्त्रीच्या स्वभावाकडे जातो, तर ‘तिला करमत नाही’ यात तिच्यावर ओढवलेली अवस्था सांगितली जाते. मात्र तिथे घराचा उल्लेख नाही; कंटाळ्यानेही करमेनासे होते. म्हणून शास्त्रीय लेखनात ‘गृहविरह’ वापरावा. विरह माणसांचा असतो, वास्तूचा नव्हे, हा आक्षेप इथे टिकत नाही. होमसिकनेस मोजण्यासाठी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या उट्रेख्त मापनश्रेणीत कुटुंबीयांची उणीव, मित्रमैत्रिणींची उणीव, एकाकीपणा, नव्या जागी रुळण्यातील अडचण आणि घराचेच विचार मनात घोळत राहणे असे पाच घटक आहेत, म्हणजे त्यात माणसांना पुरेसे स्थान आहे.

उत्तर २ : ‘नॉस्टॅल्जिया’साठी मराठीत वापरला जाणारा ‘स्मरणरंजन’ का नको? वैद्य योहानेस होफरने १६८८ मध्ये ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला तो याच व्याधीसाठी, आणि पुढे तो परमुलखात लढणाऱ्या स्विस सैनिकांशी, म्हणजे पुरुषांशीच, जोडला गेला.

उत्तर १ : हा दाखला महत्त्वाचा आहे, कारण गृहविरहाला बायकी दुबळेपणा समजणाऱ्यांना त्यातून उत्तर मिळते; शिवाय स्त्री-पुरुष भेदाबाबत आजच्या अभ्यासांचेही एकमत नाही. पण ‘स्मरणरंजना’त आठवणींचे सुख आहे, गृहविरहात यातना.

स्वभावविशेषांपैकी न्यूरॉटिसिझमशी, म्हणजे चिंता आणि खिन्नतेकडे चटकन झुकण्याच्या प्रवृत्तीशी, गृहविरहाचा संबंध वारंवार आढळला आहे. अंतर्मुखता आणि ताठरपणा यांचाही उल्लेख येतो. ‘ताठरपणा’ला मात्र मराठीत गर्वाची छटा आहे, तेव्हा ‘ठरलेल्या दिनक्रमाला चिकटून राहण्याची वृत्ती’ असे उलगडून लिहावे. क्रियापदही जपून निवडावे, कारण गृहविरहाने व्याकूळ असतानाच प्रश्नावली भरणारी स्त्री स्वतःच्या स्वभावाचे वर्णनही अधिक उदास करण्याची शक्यता असते. म्हणून ‘स्वभावामुळे गृहविरह होतो’ असे न लिहिता ‘संबंध आढळतो’ असे लिहावे. प्रत्येक स्थलांतरात हा त्रास होणाऱ्या व्यक्तीच्या कलाला ‘गृहविरहप्रवणता’ म्हणता येईल, म्हणजे अवस्था आणि कल यांची सरमिसळ होणार नाही.