मदत हवी आहे: राजमा-मशरूमच्या बर्गरची टिक्की तव्यावर फुटते (रविवारी वाढदिवस, बारा पोरं)

सातपूरचा_बाबा (बुधवार, रात्री 11:40)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय. लिहायची वेळ आज आली, तीही एका टिक्कीमुळे.

लेक नववीत आहे. रविवारी तिचा वाढदिवस, तिच्यासकट बारा पोरं घरी जेवायला. फर्माईश बर्गरची आणि अट अशी की आत बटाटा नको. "बटाटा घातला की तो वडापावच ना बाबा, नुसता बूट घातलेला." कुठल्याशा व्हिडिओत तिने राजमा आणि मशरूमची टिक्की पाहिली आणि ठरलं. बायको सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मालेगावला गेली आहे, शनिवारी रात्री येईल. आई घरात आहे, पण मशरूम म्हणजे तिच्या लेखी कुत्र्याच्या छत्र्या. ती ओट्याकडे फिरकतही नाही. देवघरातून फक्त विचारते, "झालं का रे तुझं?"

काल पहिला प्रयोग केला. वाटीभर लाल राजमा रात्री भिजवला होता, कुकरच्या पाच शिट्ट्या केल्या. मशरूमचं 200 ग्रॅमचं पाकीट, एक मोठा कांदा, आलं-लसूण-मिरची, सगळं कच्चंच मिक्सरमधून काढलं. त्यातच राजमाही फिरवला. जे झालं ते हातातून गळत होतं, म्हणून दोन चमचे बेसन घातलं. मग अजून दोन. मग वाटीभर. शेवटी गोळा वळला तसा थापून तव्यावर टाकला. कड छान तांबूस झाली, खमंग वासही सुटला. उलथनं खाली सरकवून उचललं, तर खालचा खरपूस पापुद्रा तव्यालाच चिकटून राहिला, वरची चकती उलथन्यावर आली आणि मधून वाफाळता राखाडी लगदा दोन्हीकडे ओघळला. लेकीने चमच्याने चाखून निकाल दिला: "पिठलं बरं झालंय."

एक कबुलीही देतो. राजम्याचे काही दाणे कचवट राहिले होते. तव्यावर शिजतीलच म्हणून सोडून दिलं. नऊला खाल्लं आणि अकराच्या आत दोघांनाही मळमळायला लागलं, तिला एक उलटी झाली. सकाळी दोघंही ठणठणीत. आईने अर्थातच छत्र्यांना जबाबदार धरलं आहे.

घरात अंडं चालत नाही. ओव्हन नाही. तवा, कढई, कुकर, दोरी ओढायचा चॉपर आणि फ्रीज एवढी सामग्री. माझी दुसरी पाळी असते, म्हणजे जे काय करायचं ते सकाळी. चुकतंय कुठे? बेसन कमी पडलं का?

उगाच_एक (बुधवार, 11:58)

राजम्याचा लगदा पावात घालून खायचा तर सरळ उसळ-पाव करा की. नाशकात राहून मिसळीची लाज वाटते का पोरांना? (हलकेच घ्या.)

जवसाची_चटणी (गुरुवार, सकाळी 7:10)

बेसन कमी नाही, जास्त झालं. तुमचा घोटाळा पाण्याचा आहे, पिठाचा नव्हे.

मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तुम्ही ते कच्चं वाटलंत, वर कांदा कच्चा वाटलात, म्हणजे टिक्कीत पाण्याची पिशवीच भरलीत. तव्यावर बाहेरचा थर वाळून कडक होतो आणि आत त्या पाण्याची वाफ होते. वाफ वाट काढणारच. बेसन वाढवलं तर गोळा वळतो, पण आतलं बेसन कच्चं राहतं. म्हणून पिठलं.

आता असं करा. मशरूम धुताना भिजत ठेवू नका, नळाखाली झरझर फिरवून लगेच फडक्याने पुसा. चॉपरमध्ये दोनतीन झटकेच द्या, साबुदाण्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत. मोठ्या कढईत चमचाभर तेल, मोठी आच, चिमूटभर मीठ. पाच मिनिटांत कढईत पाण्याचं तळं होईल. घाबरू नका आणि ते ओतूनही देऊ नका, सगळी चव त्यातच उतरलेली असते. तसंच आटू द्या. तळं आटलं की आवाज बदलतो: आधी रटरट, मग चरचर. चरचर सुरू झाल्यावरही आणखी चारपाच मिनिटं परता, कडा तपकिरी होईपर्यंत. जास्त शिजून मशरूमचा गाळ होईल ही भीती नको. त्याच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, ते उष्णतेने विरघळत नाही, त्यामुळे कितीही परतलं तरी चावायला लागतंच. भाजीचं तसं नसतं. पाकीटभर मशरूमचं निम्मं वजन उरलं की झालं समजा.

कांदाही वेगळा परतून कोरडा करून घ्या. लासलगावच्या शेजारी राहता, दोन कांदे जास्त गेले तरी चालतील.

गोदाकाठ (गुरुवार, 8:25)

वरचं सगळं बरोबर. पण आधी त्या कचवट राजम्याचं बघा, गंमत नाही ती.

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं. अर्धवट शिजलेले थोडेसे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, उलटी, जुलाब होऊ शकतात. तुमचं वेळापत्रक त्यात तंतोतंत बसतंय, छत्र्यांवर उगाच आळ आला. टिक्की तव्यावर वरून लाल झाली तरी मधला दाणा नीट शिजेल याचा भरवसा नसतो. भिजवलेलं पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळायचं किंवा सरळ कुकरला लावायचं. मंद, उकळीच्या खालच्या आचेवर तासन् तास ठेवणं सगळ्यात वाईट, त्याने ते विष उलट वाढू शकतं. पाहुणी पोरं आहेत, दाणा दोन बोटांत विनासायास चिरडला पाहिजे.

आता प्रश्न: पाणी कुठलं वापरता? आणि राजमा किती जुना?

सातपूरचा_बाबा (गुरुवार, 9:05)

बापरे. धन्यवाद, आईला आत्ताच वाचून दाखवलं. "मग राजमाही नको करूस" म्हणाली.

पाणी सोसायटीच्या बोअरचं, आमच्याकडे कॉर्पोरेशनचं फक्त सकाळी तासभर येतं. राजमा डब्यात दिवाळीच्याही आधीपासून आहे.

गोदाकाठ (गुरुवार, 9:20)

दोन्ही चोर सापडले. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला (पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या पदार्थाला) घट्ट धरून ठेवतं, दाणा मऊ होत नाही. जुन्या दाण्याचंही तसंच, साल चिवट होत जाते. नवा राजमा आणा, सकाळच्या नळाच्या पाण्यात भिजवा आणि शिजवा. पाणी बोअरचंच असेल तर चिमूटभर खायचा सोडा. शिवाय निफाडचा पारा बघताय ना सध्या? या थंडीत आठ तास कमी पडतात, दहाबारा तास भिजू द्या. एक शिट्टी झाली की आच बारीक करून वीस मिनिटं, आणि झाकण वाफ जिरल्यावरच उघडा.

वाघ्या_घेवडा (गुरुवार, दुपारी 1:15)

माझं माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. लाल राजम्याऐवजी आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळाला तर बघा, जीआय मानांकन (त्या भागाचाच खास वाण म्हणून सरकारी नोंद) आहे त्याला. तोही राजम्याचाच भाऊबंद, पण साल पातळ, लवकर शिजतो आणि पिठूळ होतो. नियम मात्र तेच, पूर्ण शिजवायचा.

कुठलाही घ्या, शिजल्यावर चाळणीत निथळा आणि सुती पंचावर पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवा. साल किंचित सुरकुतली, चिरली की समजा वरचं पाणी गेलं. मिक्सरला हात लावू नका! पावभाजीच्या मॅशरने दोन तृतीयांश ठेचा, बाकीचे दाणे अर्धेमुर्धे राहू द्या. मिक्सरमध्ये सगळा स्टार्च मोकळा होऊन खळ होते.

उगाच_एक (गुरुवार, 1:32)

एका टिक्कीसाठी पंचा, पंखा आणि पेक्टिन. चालू द्या.

जवसाची_चटणी (गुरुवार, 3:40)

माझ्या नावाला जागून बांधणीचं सांगते. जवसाची पूड 1 मोठा चमचा, पाणी 3 चमचे, दहा मिनिटं ठेवा. अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं, काम तेच करतं. जवस आधी भाजून घेतलेत तर चव छान. आणि कोरडं म्हणून टोस्टचा चुरा. तो नसेल तर पोहे कोरडे भाजून भरड पूड करा. बेसन घालायचंच असेल तर आधी भाजलेलं.

तुमच्या पंधरा टिक्क्यांचं (तीन जास्तीच्या, एखादी फुटणारच) माझं गणित:

कोरडा राजमा 300 ग्रॅम, शिजून 700च्या आसपास होईल. मशरूम 3 पाकिटं, आटून 300 ग्रॅम. परतलेला कांदा मूठभर. चुरा 100 ग्रॅम, पण सगळा एकदम ओतू नका, मुठीत गोळा न चिकटता वळायला लागला की थांबा. जवस वरच्या मापाच्या दुप्पट. एक टिक्की 80 ग्रॅमची.

मिश्रण झाकून तासभर फ्रीजमध्ये ठेवा, चुरा ओल शोषून घेतो. मग डब्याच्या झाकणाला प्लास्टिक लावून त्यात थापा, जाडी बोटभर. बनच्याच मापाची करा, मटणाच्या टिक्कीसारखी ही आकसत नाही. थापलेल्या टिक्क्या ताटात ठेवून पुन्हा अर्धा तास फ्रीझरमध्ये.

तव्यावर दोनतीन चमचे तेल, मध्यम आच, एका बाजूला चारपाच मिनिटं. खालून पापुद्रा धरला की टिक्की आपण होऊन सुटते. तोवर हात खिशात.

काळा_मसाला (गुरुवार, रात्री 9:50)

चवीचं कोणीच बोलत नाहीये! राजमा आणि मशरूम दोन्ही मातकट चवीचे, नुसत्या मीठ-मिरीवर फिकं लागेल. 1 चमचा सोया सॉस परतताना मशरूमवर टाका आणि आटवा. घरचा काळा मसाला 1 चमचा. पोरं म्हणतील काहीतरी भारी आहे, काय ते त्यांना कळणार नाही. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. सॉस म्हणून चक्का, लसूण, मीठ, किंचित मोहरी वाटून. बाजारचं मेयॉनीज नको, एकतर त्यात अंडं असू शकतं.

अवांतर: बनची ऑर्डर बेकरीत शनिवारीच द्या, रविवारी दुपारी गेलात तर लादीपावावर समाधान मानावं लागेल.

गोदाकाठ (गुरुवार, 10:15)

बारा पोरांत कोणी जैन आहे का, आधी विचारून घ्या. कांदा-लसणाचं सगळ्यांना माहीत असतं, मशरूमही चालत नाही हे विसरायला होतं.

सातपूरचा_बाबा (शुक्रवार, सकाळी 11:30)

बरं झालं सांगितलंत. लेकीची शेजारच्या बाकावरची मैत्रीण जैन आहे! तिच्यासाठी काय करू? राजमा चालेल ना?

आज अर्ध्या मापाची तालीम केली. नवा राजमा, नळाचं पाणी. मशरूमचं तळं झालं, रटरटची चरचर झाली, अगदी तुम्ही सांगितलं तसं. सहा टिक्क्या थापल्या. पाच अख्ख्या उलटल्या. सहावी फुटली, कारण तिला दोन मिनिटांतच उचकटून बघितलं. हात खिशात नव्हता.

एकच तक्रार, मधे जरा भुसभुशीत लागतेय.

जवसाची_चटणी (शुक्रवार, 12:05)

मग आता चुरा जास्त झालाय, 100ऐवजी 70-80 ग्रॅमवर या. किंवा राजमा फार वाळला असेल. ठेचताना चमचाभर तेल घाला.

जैन टिक्कीला राजमा, किसलेलं पनीर, उकडलेलं कच्चं केळं. कांदा, लसूण, आलं काहीच नाही. वेगळी थापा आणि सगळ्यांत आधी, स्वच्छ तव्यावर भाजा. सॉसही बिनलसणाचा वेगळ्या वाटीत. आणि तिच्या आईला एक फोन करा, घरोघरी नियम वेगळे असतात.

सातपूरचा_बाबा (रविवार, रात्री 10:50)

झालं एकदाचं. सोळा टिक्क्या, त्यात दोन जैन. एकही फुटली नाही. बायकोने तव्याचा ताबा मागितला होता, दिला नाही. बन लोण्यावर भाजले, चीजची चकती टिक्की तव्यावर असतानाच वर ठेवून झाकण घातलं. दोघा मुलांनी दुसरा मागितला. एकाने विचारलं, "काका, यात मटण नाही ना?" हे कौतुक की तक्रार, कळलं नाही. काळा मसाला साहेब, तुमचा चमचा कामाला आला.

आईने बन, लोणी आणि काकडी एवढंच खाल्लं.

शेवटचा प्रश्न, दोन टिक्क्या न भाजलेल्या उरल्यात, डब्यासाठी ठेवायच्या आहेत. फ्रीजमध्ये किती दिवस टिकतील?

जवसाची_चटणी (रविवार, 11:05)

फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नको. फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवा, मधे बटर पेपर घालून. भाजताना वितळवत बसू नका, पुन्हा पाणी सुटेल. तशीच गोठलेली टिक्की तव्यावर टाका, आच थोडी कमी आणि वर झाकण.