डांबर मेमध्ये मऊ, पौषात काचेसारखं?

प्रश्न: सावद्याला केळीचे ट्रक जिथे उभे राहतात, तिथे मेमध्ये डांबरात चाकांचे चर पडतात. चपलेला काळे धागे येतात. पौषात पहाटे त्याच डांबराचं ढेकूळ हातोडीनं फोडलं, तर काचेसारखं तडकलं. असं का?

उत्तर: भाऊ, डांबराला बर्फासारखा ठराविक वितळणबिंदू नसतो. रेणू अस्ताव्यस्त असतात, उन्हात हळूहळू सरकतात. थंडीत घाव झटक्यात बसला की सरकायला वेळच मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये नरसाळ्यात ओतलेल्या पिचचे (डांबरासारखाच काळा, घट्ट पदार्थ) २०१४ पर्यंत नऊच थेंब पडले!

दुसरं उत्तर: डांबरातली खडीही बघा. गिरणा नदीच्या ओल्या, घट्ट वाळूत पाय दिला की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते ना? दाटलेल्या कणांना सरकायला जागा लागते, पाणी आत ओढलं जातं. दाबून बसवलेली खडी तशीच एकमेकीला अडवते.

प्रश्नकर्ता: आमच्याकडे रोलर जेमतेम फिरवला होता. चर का पडले, ते आता कळलं.