डिसेंबरात तीन दिवस नागपूर : हॉटेल बर्डीत घ्यावं का?

मुठाकाठ
नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं पुण्याहून नागपूरला येतोय. पहिल्या दिवशी बुटीबोरी एमआयडीसीत काम, दुसऱ्या दिवशी हिंगणा एमआयडीसीत दोन मीटिंगा, तिसरा दिवस मोकळा. हॉटेल सीताबर्डीत (म्हणजे बर्डीत) घ्यायचं डोक्यात आहे, सगळंच मध्यात पडेल म्हणून. वंदे भारतनं यावं की समृद्धीवरून गाडी आणावी? आणि मोकळ्या दिवशी पेंचची जंगल सफारी जमेल का?

वर्धारोडवाला
भाऊ, आधी अधिवेशनाच्या तारखा पाहा, बाकी सगळं मागून. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथं होतं आणि ते साधारण तुम्ही म्हणता त्याच सुमारास असतं. आमदार-मंत्र्यांची सोय आमदार निवास, रविभवनात होते, पण अधिकारी, कार्यकर्ते, पत्रकार आणि मोर्चेकरी संघटनांचे पदाधिकारी बर्डी, सिव्हिल लाइन्स, धंतोलीतल्या हॉटेलांत उतरतात. तारखा जाहीर झाल्या की खोल्या भरतात आणि भाडी चढतात.

भाड्यापेक्षा मोठी अडचण रस्त्याची. मोर्चे विधानभवनाच्या अलीकडे टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, एलआयसी चौक अशा ठिकाणी अडवतात. त्या वेळी बर्डीतून गाडी काढायला किती वेळ लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून मुक्काम वर्धा रोडवर ठेवा, छत्रपती चौक ते उज्ज्वलनगरच्या पट्ट्यात. बुटीबोरी त्याच रस्त्यावर आहे, म्हणजे सकाळी शहरात शिरावंच लागत नाही.

बुटीबोरीला मेट्रो जात नाही, ती खापरीला संपते आणि तिथून पुढं बराच पल्ला उरतो. जाताना ऑटो मिळेलही, पण संध्याकाळी प्लॉटांच्या आतल्या रस्त्यांवरून परतीचं वाहन मिळवणं कठीण. आठ तास-ऐंशी किलोमीटरच्या बोलीवर गाडी ठरवा. ते ऐंशी किलोमीटर गाडीच्या अड्ड्यापासून मोजणार की तुमच्या हॉटेलपासून, हे आधीच विचारून घ्या. बिलावरचा वाद बहुतेक वेळा तिथंच होतो.

रातराणी_अजनी
प्रवासाचं मी सांगते. वंदे भारत सकाळी पुण्याहून निघते आणि साधारण बारा तासांनी संध्याकाळी अजनीला पोचवते. ती नागपूरच्या मुख्य स्टेशनवर जात नाही. वर्धा रोडवर मुक्काम असेल तर अजनीच सोयीचं आहे. पण बारा तास बसून काढायचे आहेत आणि कामाचा एक अख्खा दिवस जातो. आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, तेही तपासा. दिवस वाचवायचा असेल तर रात्रीची झोपायची गाडी बरी.

समृद्धीवर मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे, पण खरी परीक्षा टायरांची असते. काँक्रीटवर तासन् तास एकाच वेगात टायर तापतात. जुने, कडेनं झिजलेले किंवा हवा कमी असलेले टायर तिथं फुटतात. टायर थंड असतानाच, कंपनीनं सांगितली तेवढीच हवा भरून निघा. रस्ता सरळ आणि एकसुरी, त्यामुळे डोळे उघडे असूनही चालकाचं लक्ष सुटतं. दर दोन तासांनी थांबा आणि चालक बदला. पंप आणि खाण्याच्या जागा एकमेकींपासून लांब आहेत, टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या.

मुठाकाठ
बर्डी रद्द, रात्रीची गाडी पक्की. मग छत्रपती चौकातून हिंगण्याला मेट्रोनं जावं का?

वर्धारोडवाला
जाता येतं. ऑरेंज लाइननं सीताबर्डी, तिथं बदलून ॲक्वा लाइननं शेवटचं लोकमान्यनगर. मोर्चे खाली रस्त्यावर असतात, मेट्रो वरून जाते, त्यामुळे वेळेचा भरवसा राहतो. पण छत्रपती चौकातून हा फेरा आहे. टॅक्सीनं रिंगरोड धरा : प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मग हिंगणा टी-पॉइंट. हा रस्ता बर्डीला शिवतही नाही. एमआयडीसी पसरलेली आहे, नुसतं कंपनीचं नाव सांगून चालकाला जागा सापडत नाही. प्लॉट नंबर आणि जवळची खूण दोन्ही मागून ठेवा.

पुढं कुणी विमानानं येणार असेल तर एवढं लक्षात असू द्या : ‘एअरपोर्ट’ नावाचं मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलला लागून नाही. बॅगा घेऊन चालत जाण्याजोगं अंतर नाही ते.

सिल्लारीचा_सांबर
पेंच एका दिवसात होतं, मात्र बुकिंग आत्ताच करा. महाराष्ट्राच्या बाजूचं सिल्लारी गेट जबलपूर रस्त्यानं साधारण सत्तर किलोमीटर. ऑनलाइन बुकिंग करताना ज्या ओळखपत्राचा नंबर द्याल, तेच मूळ ओळखपत्र गेटवर लागतं. तिघांपैकी एकाचं जरी हॉटेलवर राहिलं तरी अडकाल. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, तिघांत घेतली तर माणशी खर्च दुप्पट पडतो.

सकाळच्या फेरीसाठी साडेचारला नागपूर सोडा. डिसेंबरात उघड्या जिप्सीत वारा सोसत नाही : कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जॅकेट हवंच. नुसत्या स्वेटरातून वारा आरपार जातो.

परत येताना मनसरला रामटेकचा फाटा आहे, तो चुकवू नका. गडावरचं राममंदिर, कालिदास स्मारक, खिंडसी तलाव हे सगळं दुपारून आरामात होतं. गडावर माकडं फार, हातात प्रसादाची पिशवी ठेवू नका. वाघ दिसला नाही तरी रामटेकनं दिवस सार्थकी लागतो.

रातराणी_अजनी
तर्री पोहे (वर चण्याचा तिखट रस्सा घातलेले) सकाळीच खा, कस्तुरचंद पार्कजवळ मिळतात. दुपारनंतर त्यात मजा नाही. सावजी मटण बुटीबोरीच्या आदल्या रात्री नको. सवय नसलेल्या पोटाला ते झेपत नाही, शेवटच्या रात्रीसाठी ठेवा. बेसनाच्या आवरणात सांभार, म्हणजे कोथिंबीर, भरलेली सांभारवडी मात्र केव्हाही.

संत्री नेणार असाल तर डिसेंबरात आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या मोहोराची) मिळतात. हातात घेऊन वजन पाहा. फुगीर आणि हलकं फळ आतून पोचट निघतं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलं की एका रात्रीत डागतं. जाळीच्या थैलीत न्या आणि गाडीत सीटखाली नाही, वर ठेवा.