घरच्या करडीचं तेल: वीस किलोला तीन लिटर, हे बरोबर आहे का?

मानवतची_लेक
माहेर मानवत तालुक्यातलं, राहते संभाजीनगरला. भावानं यंदा कितीतरी वर्षांनी एकरभर करडी पेरली. सोयाबीननं दोनदा दगा दिल्यावर त्याला आजीचं पीक आठवलं. मला साठ किलोचे दोन कट्टे पाठवले, "घरचं तेल खा" म्हणून.

त्यातली वीस किलो इथल्या एका लाकडी घाण्यावर नेली. पाटी मोठी, काउंटरवर काचेच्या बरण्या, सगळं छान. तासाभरानं हातात तीन लिटर तेल आलं. मी विचारलं, एवढंच? तर म्हणाला, "करडीला टरफलच जास्त असतं मॅडम." पेंड त्यानंच ठेवून घेतली, मजुरीत वळती केली.

घरी येऊन भाकरीवर तिखट घेतलं, मधे खळगा केला, तेलाची धार सोडली. आजीच्या तेलाचा वास काही आला नाही. आता सांगा:

वीस किलोला तीनच लिटर निघतं का? वास का नाही? आणि तिसरी गोष्ट, दोन वर्षांपूर्वी गावाकडून आणलेल्या करडीच्या तेलाचा डबा फडताळात राहिला होता. त्याचं झाकण आता उघडतच नाही, बाहेरून ओघळलेलं तेल फेविकॉलसारखं घट्ट झालंय. भेसळ होती का त्यात? आणि दिवाळीच्या तळणाला हे तेल चालेल का, तेही सांगा. आई तर गुडघ्यालाही हेच चोळते.

घाणेवाला_पाथरी
ताई, आमच्या घरी घाणा आहे. आधी बैलाचा होता, आता मोटारीवर फिरतो. तीन लिटर कमीच झालं. आमच्याकडं चार किलोला लिटरभराचा हिशेब धरतात, म्हणजे तुमच्या वीस किलोला पाचाच्या आसपास यायला पाहिजे होतं. जातीप्रमाणं करडीच्या दाण्यात साधारण 28 ते 35 टक्के तेल असतं, पण घाणा सगळं पिळत नाही, थोडं पेंडीत राहतंच. म्हणून पेंड सोडून यायची नाही. मूठभर घ्यायची, दाबायची. बोटं तेलकट झाली की समजायचं तुमचं तेल तिथंच आहे.

पण लगेच त्याला चोर म्हणू नका. दाणे वाळलेले होते का? कट्टा बंद खोलीत राहिला की दाणा सादळतो. एक दाणा दाताखाली धरा, कट्‌कन फुटला तर ठीक, चेपला तर दोन दिवस कडक ऊन द्या. दुसरं, तुमच्या आधी घाण्यात काय होतं ते विचारायचं. थंड, कोरडा लाकडी घाणा पहिल्या घाणीचं तेल स्वतःच पितो. आधी शेंगदाणा असला तर तुमच्या करडीत शेंगदाणा उतरणार. सकाळची पहिली घाणी कधी घेऊ नका. अन् घाणा चालू असताना उभं राहायचं, चहा प्यायला जायचं नाही!

वासाचं म्हणाल तर करडीला शेंगदाण्यासारखा वास मुळातच नसतो. तुमच्या आजी बहुतेक तेल कढवून ठेवत असतील. आमची आई ताजं तेल दोन-तीन दिवस पातेल्यात निवळू द्यायची, वरचं अलगद काढायची आणि मंद आचेवर ठेवायची. आधी तडतडतं, ते आत राहिलेलं पाणी. तडतड थांबली की उतरवायचं. तिनं त्यात भाकरीचा तुकडा टाकलेला असायचा, तो लाल झाला की आमची भांडणं लागायची. तुम्हाला आठवतोय तो वास ह्या कढवण्याचा असणार.

डब्याची भेसळ नाही. उलट ते करडीचंच होतं म्हणून घट्ट झालं. ह्या तेलात लिनोलिक आम्ल 70 टक्क्यांच्या वर असतं, ते हवेशी जुळतं आणि सुकून कातडं धरतं. रंग-वार्निशात करडीचं तेल वापरतात ते त्याच गुणामुळं, आणि जवसाच्या मानानं ते पिवळं पडत नाही म्हणून. तेव्हा मोठा डबा नको. लहान बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, अंधारात. मी तर तीन-चार महिन्यांच्या वर ठेवत नाही.

मोटेवरचा_म्हातारा
घाणेवाल्याचं खरं आहे. आमच्या वडिलांनी करडीचं तेल जाळून काळं, चिकट करून ठेवलेलं असायचं. मोटेच्या, म्हणजे विहिरीतून पाणी ओढायच्या पिशवीच्या, चामड्याला अन् नाड्याला चोळायचे, पाण्यात कुजू नये म्हणून. त्याला हात लागला तर आठ दिवस निघत नसे, माय ओरडायची.

अन् लेकी, करडी काढायची म्हणजे काय असतं ते भावाला विचार. ऊन चढलं की काटे सुईसारखे. म्हणून पहाटे, दहिवरात काटा मऊ असताना कापायची, हाताला फडकं बांधून. ज्वारीच्या कडेनं दोन-चार तासं, म्हणजे ओळी, करडीच्या घालायचो, जनावर आत शिरत नसे. कोवळी असताना तिचीच भाजी. आता परभणीच्या विद्यापीठानं बिनकाट्याचं वाण काढलंय, पीबीएनएस 40. चांगलं आहे, पण ढोरं अडवायला ते काय कामाचं?

डाएटची_कटकट
तळणाचं कुणी सांगितलं नाही. घाण्याचं, रिफाइंड न केलेलं करडईचं तेल लवकर धुरावतं. पुऱ्या, चकल्या त्यात नकोत. वरून धार, चटणी, येसर कालवायला, मंद आचेची फोडणी, एवढंच.

आणि "हृदयाला चांगलं" म्हणून पळी-पळी ओतू नका. सिडनीत 1966 ते 1973 या काळात 458 पुरुष हृदयरुग्णांवर एक प्रयोग झाला. 2013 मध्ये त्याची जुनी आकडेवारी परत तपासली, तेव्हा करडईच्या तेलावर ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. एका प्रयोगावरून घाबरून तेल फेकायचं नाही, पण औषध समजूही नका. ओमेगा-3 यात जवळजवळ नसतंच, त्यासाठी जवसाची चटणी आहेच की आपल्याकडं. गुडघ्याला चोळायला हरकत नाही, आराम मात्र बहुतेक चोळण्याचा.

उदगीरवाली
तेल सोडा, थोडी करडी दुधाला ठेवा! भिजवून वाटायची, फडक्यातून पिळायची. आम्ही कर्नाटकच्या कडेला राहतो, त्या दुधात गव्हाची खीर करतात, गुळाची. टरफल राहिलं तर घशात टोचतं, दोनदा गाळा.

मानवतची_लेक
सगळ्यांचे आभार. परत त्या घाण्यावर गेले, पेंड विकून झाली होती म्हणे. मग पुढची वीस किलो गच्चीवर दोन दिवस वाळवली आणि मानवतलाच नेली. दुसरी घाणी घेतली, शेवटपर्यंत उभी राहिले, पाय दुखले. पावणेपाच लिटर निघालं आणि पेंड भावाच्या म्हशीला. वाण विचारलं तर परभणी कुसुम.

आईला कढवायला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी इतके दिवस काय सांगत होते?" भाकरीचा तुकडा मीच खाल्ला.

डब्याचं झाकण मात्र अजून हलत नाही. डबा पितळी आहे, आजीचा, फेकवत नाही.

घाणेवाला_पाथरी
ताजं तेलच त्या चिकट्यावर चोळा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गरम फडक्यानं शेकून फिरवा. आतलं तेल खवट झालं असेल, खाऊ नका. डबा राखेनं घासा, चाकू लावू नका.